ओखामंडळची चेर आणि भरतीचे पाणी

बेट द्वारकेची यात्रा केलेली माणसे बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून पुष्कळ सापडतील. पूर्वी ओख्याहून नावेत बसावे लागे. फेब्रुवारी २०२४ पासून पूल झाला आहे आणि बेट मोटारीच्या टप्प्यात आले आहे. यात्रेकरूचे चित्त देवाकडे असते. कच्छच्या आखाताच्या या दक्षिण काठावर चिखलात उभ्या असलेल्या खुज्या, राखी-हिरव्या झाडीकडे तो कशाला पाहील? गुजराती माणूस हिला चेर म्हणतो, कोकणातला तिवर. चिखलात हवा नसते म्हणून हिची मुळे जमिनीतून वर डोके काढतात आणि ओहोटीच्या वेळी श्वास घेतात.

या किनाऱ्याशी बडोद्याचे नाते निव्वळ यात्रेचे नव्हे. १८१७ पासून १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत ओखामंडळ गायकवाडीत होते. तिथली वसुली, तिथला बंदोबस्त यांच्या कथा कित्येक कुटुंबांत आजही ऐकू येतात. परंतु एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून १९०५-०६ साली ओखामंडळच्या समुद्राची पाहणी करवून घेतली. मोती, शंख यांतून राज्याला उत्पन्न किती होईल, हा हिशेब त्यामागे होताच. तथापि अहवालाचे जे दोन भाग १९०९ आणि १९१६ साली निघाले, त्यांत स्पंजांसारख्या दमडीचेही उत्पन्न न देणाऱ्या जीवांचीही शास्त्रशुद्ध नोंद झाली. हिशेबी दरबाराने केलेला हा खर्च मला फार मोठ्या मनाचा वाटतो.

पुढे आखाताकाठची चेर झपाट्याने उतरली. सरपणासाठी तोड झाली. दुष्काळात गुरांच्या तोंडी पाला गेला. मिठागरे, बंदरे आणि कारखाने वाढले. आपल्या पानातल्या चिमूटभर मिठाचाही यात वाटा आहे, कारण देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत पिकते. १९८० साली आखाताच्या दक्षिण भागात सागरी अभयारण्य आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. देशातील हे पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान.

त्यानंतर लागवडीचे युग आले, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. १९८७ साली गुजरातेत खारफुटी ४२७ चौरस किलोमीटर होती. २०२१ च्या सरकारी वन-अहवालात ती ११७५ भरली. या कामात पुढाकार घेणारा गुजरात पर्यावरण आयोग आरंभी आपल्या बडोद्यातच होता. लागवडीची ओटला पद्धत तर पाहण्यासारखी आहे. चिखलाचे लहान लहान ओटे घालायचे आणि त्यांवर चेरीचे बी टोकायचे, म्हणजे भरती ते वाहून नेत नाही. बीही मोठे उतावळे. झाडावर असतानाच आत अंकुरलेले असते.

मग तक्रार कसली? तक्रार मोजणीच्या रीतीबद्दल आहे. रोपे किती लावली हे सांगितले जाते. जगली किती, आणि भोवतीची खाडी जिवंत आहे काय, हे क्वचितच. लागवड बहुतेक एकट्या चेरीची, कारण तीच सर्वांत जास्त खार सोसते. नद्यांवर धरणे झाली, गोडे पाणी आटले, तेव्हा कांदळासारख्या नाजूक जातींना जागा उरली कुठे? शिवाय मोकळा चिखलपट्टा काही पडीक जमीन नव्हे. हिवाळ्यात रोहित आणि इतर पाणपक्षी तिथेच चरतात. त्यावर रोपांच्या रांगा उभ्या केल्या, तर एकाचे घर मोडून दुसऱ्याचे बांधल्यासारखे होते. २०२३ च्या अहवालात गुजरातेची खारफुटी सुमारे ३६ चौरस किलोमीटरने घटलेली दिसली.

कुऱ्हाड न लावता चेर कशी मरते, हे आखाताच्या दुसऱ्या काठाने, कच्छने, दाखवून दिले. तिथे खाराई नावाचा उंट आहे. भरतीत पोहत जाऊन तो बेटांवरची चेर खातो. २०१५ साली त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. कांडला बंदराच्या परिसरात मिठागरांसाठी खाड्यांची तोंडे बांध घालून बुजवली गेली. पाणी थांबले, झाडे उभ्या उभ्या वाळली आणि उंटांचा चारा गेला. उंटपालकांच्या संघटनेने हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल लागला: अडथळे काढा, खाड्यांचा प्रवाह मोकळा करा. ज्या चिखलात भरती-ओहोटी पूर्ववत् खेळते आणि जवळपास जुनी झाडे उरली आहेत, तिथे समुद्रच बी आणून टाकतो. ओटेही घालावे लागत नाहीत.

ओखामंडळपुरते बोलायचे, तर तपासणीचे साधन बडोद्याने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवले आहे. हॉर्नेलची यादी हाती घेऊन कोणी प्राणिशास्त्राचे विद्यार्थी त्याच खाड्यांतून ओहोटीच्या वेळी पुन्हा फिरले, तर शंख, शिंपा आणि स्पंज यांपैकी आज काय भेटते, याची दुसरी यादी एका हिवाळ्यात तयार होईल.