मारबत, माऊस आणि पुसलेले काका

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठीत बोलायला सांगा, थांबणार नाही. पण लिहायला सांगितलं की ऱ्हस्व-दीर्घापाशी गाडी अडते. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. विषय मात्र माझ्या आवडीचा आहे : कम्प्युटरवर फोटो कसा सुधारायचा. आणि त्याआधी, तो कसा बिघडवू नये! दुसरा भाग मी स्वतःच्या चुकीतून शिकले, म्हणून त्याचीच गोष्ट सांगत सांगत पुढे जाते.

आमचं घर इतवारीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आमच्या भागात मारबत निघते. होस्टेलवरच्या बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगते : मारबत म्हणजे कागद, बांबू, कापड वगैरेंची केलेली भलीमोठी बाई. रोगराई, इडापिडा सगळी घेऊन जा, असं तिला ओरडून सांगायचं आणि मिरवणूक संपली की जाळून टाकायचं. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात, म्हणजे महागाई, भ्रष्टाचार अशा त्या त्या वर्षीच्या त्रासांचे पुतळे. गल्ल्या आधीच अरुंद, त्यात ही गर्दी! पाय ठेवायला जागा नसते.

मागच्या वर्षी मी दादाचा जुना डिजिटल कॅमेरा घेऊन गच्चीवर बसले आणि काळ्या मारबतीचा एक फोटो खरंच छान आला. म्हणजे ‘जवळजवळ’ छान. आकाश पांढरंफट्ट, मारबत काळीऐवजी राखाडी, वरून विजेच्या तारा, आणि डाव्या कोपऱ्यात पाण्याचा पिंप घेऊन उभे असलेले आमच्या गल्लीतले एक काका. ते दरवर्षी तिथेच उभे राहून मिरवणुकीतल्या लोकांना पाणी द्यायचे. मी ठरवलं, फोटो ‘क्लीन’ करायचा. रात्री एक वाजेपर्यंत बसले. आई दोनदा येऊन गेली, “काय करून राहिली एवढ्या रात्री त्या कम्प्युटरवर?”

फोटो म्हणजे मॅट्रिक्स

आपल्याला एम-थ्रीच्या पेपरात रडवणारी मॅट्रिक्स आठवते ना? डिजिटल फोटो म्हणजे तीच. ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचे, म्हणजे पिक्सेलचे, तीन आकडे : लाल, हिरवा, निळा. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक आकडा ० ते २५५ मध्ये असतो. ० म्हणजे काळोख, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. सॉफ्टवेअर कोणतंही असो, ते या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करतं. एवढं डोक्यात बसलं की कोणतं टूल काय करू शकेल आणि काय नाही, हे आपोआप कळायला लागतं.

सॉफ्टवेअर म्हटलं की सगळे फोटोशॉपचं नाव घेतात. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी सुरू केलेलं फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं. ते चांगलंच आहे, पण विकत घ्यावं लागतं. मी वापरते गिम्प. ते फुकट आहे, आणि १९९५ मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, सेमिस्टर प्रोजेक्ट म्हणून ते सुरू केलं होतं. (आपले सेमिस्टर प्रोजेक्ट कुठे जातात, हा प्रश्न इथे विचारू नये!) खाली सांगितलेली टूल्स दोन्हीकडे आहेत.

१. क्रॉप आणि रोटेट

सगळ्यात आधी फोटो सरळ करा. समोरच्या इमारतीची कड किंवा विजेचा खांब बघायचा आणि तो उभा होईपर्यंत फिरवायचं. मग कडेचा नको तो भाग कापायचा. पण कापताना हिशेब ठेवा. दोन्ही बाजूंनी अर्धा कापला तर १ कोटी २० लाखांतले ३० लाखच पिक्सेल उरतात. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल लागतात असं धरलं, तर २००० बाय १५०० चा फोटो साधारण साडेसहा बाय पाच इंचाचा होईल. त्याचं पोस्टर करायला जाल तर फसाल.

२. हिस्टोग्राम आणि लेव्हल्स

हिस्टोग्राम म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख. डावीकडे काळे पिक्सेल किती, उजवीकडे पांढरे किती, ते दिसतं. माझ्या फोटोत उजव्या भिंतीला चिकटून एक उंच सुळका होता. ते आकाश. असं का झालं? कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या दृश्याला मध्यम राखाडी समजून उजेड ठरवतं. फ्रेम भरून काळी मारबत दिसली की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून ते जास्त उजेड आत घेतं. परिणामी काळी राखाडी झाली आणि आकाश २५५ वर जाऊन बसलं.

लेव्हल्समध्ये तीन खुंट्या असतात : काळी, पांढरी आणि मधली. काळी खुंटी आलेख जिथे सुरू होतो तिथपर्यंत उजवीकडे सरकवली आणि मारबत पुन्हा काळी झाली. अगदी सोपं! पण आकाशाचे ढग काही आले नाहीत. येणार कुठून? तिथल्या प्रत्येक पिक्सेलचे तिन्ही आकडे २५५. फार तर पांढऱ्याचं राखाडी होईल, ढग होणार नाहीत. जी माहिती नोंदवलीच गेली नाही, ती कोणतीही खुंटी परत आणत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

३. व्हाइट बॅलन्स

पिवळ्या मारबतीचा घोळ वेगळा. फ्रेम भरून पिवळा रंग आला की ऑटो सेटिंगवरच्या कॅमेऱ्याला वाटतं, उजेडच पिवळा आहे. मग तो निळा वाढवतो आणि हळदीसारखी पिवळी मारबत फिकट लिंबासारखी होते. उपाय : लेव्हल्समध्येच एक राखाडी ड्रॉपर असतो. फोटोतली खरोखर रंगहीन वस्तू शोधून त्यावर क्लिक करायचं, म्हणजे सॉफ्टवेअर तिथले तीन आकडे समान करतं आणि बाकी फोटो त्याप्रमाणे बदलतो.

मी पहिल्यांदा एका आजोबांच्या पांढऱ्या शर्टावर क्लिक केलं. सगळी इतवारी कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली! कारण काय, तर शर्टाला नीळ दिलेली होती. मग सिमेंटच्या खांबावर क्लिक केलं आणि रंग जागेवर आले. तेव्हा पांढऱ्या कपड्यांवर भरवसा ठेवू नका.

सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, मिठासारखा वापरा. जास्त झाला की एखादा रंग २५५ ला टेकतो आणि कापडाच्या चुण्या दिसेनाशा होतात.

४. क्लोन आणि हील

फोटोतल्या एका जागेचे पिक्सेल उचलून दुसऱ्या जागी चिकटवायचे, हे क्लोन टूलचं काम. हील टूल तेच करतं, फक्त आजूबाजूच्या रंगाशी जुळवून घेतं. जुन्या फोटोवरचे ओरखडे, चेहऱ्यावरची पुटकुळी, सेन्सरवरच्या धुळीचा डाग, यासाठी हे उत्तम. यात नवीन काही नाही. जुन्या स्टुडिओंमध्ये निगेटिव्हवर पेन्सिल चालवून रिटचिंग करायचेच.

पण हेच टूल सगळ्यात धोक्याचं. ऑगस्ट २००६ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेला बैरुतवरच्या हल्ल्याचा एक फोटो मागे घ्यावा लागला, कारण छायाचित्रकाराने धुराचे लोट क्लोन करून वाढवले होते. धुरात एकच नक्षी पुन्हा पुन्हा दिसते, हे लोकांनी पकडलं. रॉयटर्सने त्याच्याशी संबंध तोडले आणि त्याचे ९२० फोटो आपल्या संग्रहातून काढून टाकले.

मी तर बातमी करत नव्हते, फक्त ‘क्लीन’ करत होते. आधी तारा पुसल्या. मग समोरच्या दुकानाचं बंद शटर उचलून काका पुसले. पिंप पुसला. हातातला स्टीलचा ग्लाससुद्धा. इतकं सफाईदार झालं की मी स्वतःवरच खूश! नंतर ‘ओव्हरराइट’ वर क्लिक केलं. गिम्प बिचारं सेव्ह म्हटलं की स्वतःच्याच एक्ससीएफ फॉरमॅटमध्ये ठेवतं, मूळ जेपेगला हात लावत नाही. पण मला घाई होती. दुसऱ्या दिवशी दादाने कार्ड फॉरमॅट केलं.

५. लेयर

फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ च्या ३.० व्हर्जनपासून आले. ड्रॉइंग शीटवर ट्रेसिंग पेपर ठेवतो ना, तसंच हे. खाली मूळ फोटो, वर पारदर्शक कागद, आणि सगळे बदल त्या कागदावर. क्लोन करताना नवा रिकामा लेयर घ्यायचा, ‘सॅम्पल मर्ज्ड’ ची खूण करायची आणि त्या लेयरवरच रंगवायचं. नाही आवडलं तर लेयरचा डोळा बंद करा, मूळ फोटो जसाच्या तसा. दोन क्लिकचं काम. ते मी केलं नाही.

६. शार्पन आणि सेव्ह

शार्पन सगळ्यात शेवटी, फोटोचा आकार ठरल्यावर. ‘अनशार्प मास्क’ कडांच्या एका बाजूला थोडं काळं आणि दुसऱ्या बाजूला थोडं पांढरं वाढवतं, म्हणून डोळ्याला फोटो धारदार वाटतो. हललेला फोटो त्याने सुधारत नाही.

जेपेग फोटोला ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत तोडतं आणि डोळ्याला सहसा न कळणारे बारकावे टाकून देतं. बदल करून पुन्हा पुन्हा जेपेगमध्येच सेव्ह केलं की दरवेळी थोडं थोडं जातं, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. म्हणून काम एक्ससीएफ किंवा पीएसडीमध्ये ठेवा आणि जेपेग शेवटी एकदाच काढा. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो लहान होऊन जातो.

आणि मग काकू आल्या

दिवाळीनंतर ते काका गेले. अचानक. तेरवीच्या आधी काकू आमच्याकडे आल्या. मला म्हणाल्या, “बेटा, तू गच्चीवरून फोटो काढला होता ना मारबतीचा? त्यात हे होते म्हणते तुझी आई. लग्नाकार्यात हे कधी फोटोला उभे राहिले नाहीत. तो दे ना मला.”

मी कम्प्युटर सुरू केला. फोटो होता. बंद शटर होतं. काका नव्हते. काकूंना काय सांगू? “शोधून देते” म्हटलं आणि त्या गेल्यावर रडले.

डिलीट झालेल्या फायली परत आणणारी सॉफ्टवेअर्स चालवून पाहिली, पण तोपर्यंत कार्डवर दुसरे फोटो भरून झाले होते. शेवटी आठवलं, एडिट करायच्या आधी मी तो फोटो पुण्याच्या मावसबहिणीला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. तिच्या फोनमध्ये सापडला! १६०० बाय १२०० चा, आणि त्यात काकांचा चेहरा जेमतेम चाळीस पिक्सेल.

मैत्रीण म्हणाली, एआयने मोठा कर. करून पाहिला. फोटोशॉपमध्येही २०२३ पासून अशी नवं चित्र भरणारी सोय आली आहे, आणि इतरही पुष्कळ टूल्स आहेत. दहा सेकंदांत स्वच्छ, मोठा चेहरा तयार! मिशा काकांसारख्या होत्या. डोळे कोणाचे होते, कोण जाणे. कारण चाळीस पिक्सेलमध्ये डोळ्यांची माहितीच नव्हती. मशीनने हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून अंदाज लावला होता. तो फोटो काकूंनी देव्हाऱ्याजवळ ठेवला असता, आणि रोज एका अनोळखी माणसाला हार घातला असता. मी तो डिलीट केला.

मग वर सांगितलं तेवढंच केलं. थोडी लेव्हल्स, थोडा रंग, क्रॉप अजिबात नाही. तारा तशाच ठेवल्या. पाच बाय चारची प्रिंट काढली आणि काकूंना देताना सगळं खरं सांगितलं, पुसल्याचंसुद्धा. त्या काही बोलल्या नाहीत. फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “चेहरा नाही दिसत एवढा. पण असेच उभे राहायचे, एका पायावर भार देऊन.”

तर मित्रांनो, टूल्स शिका, भरपूर शिका. फक्त फोटो उघडण्याआधी त्याची एक कॉपी करा आणि मूळ फाइल ‘ओरिजिनल’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. त्या फोल्डरला हात लावायचा नाही. उजेड आणि रंग सुधारणं म्हणजे कॅमेऱ्याची चूक दुरुस्त करणं. माणूस पुसणं ही दुरुस्ती नाही. कोपऱ्यात उभा असलेला माणूस कुणाच्या तरी फोटोचा मधोमध असतो.

यंदाच्या पोळ्याला मी पुन्हा गच्चीवर बसणार आहे. कोपऱ्यातला पिंप आता काकांचा मुलगा सांभाळतो म्हणे. या वेळी तो फ्रेममध्ये येईल असाच फोटो काढीन!