नळाची धार आणि बादलीचा हिशेब

प्रतिनिधी, ठाणे

उल्हास नदीची दोन रूपे ठाणे जिल्ह्यातील रहिवाशांना चांगलीच परिचित आहेत. २६ जुलै २००५ रोजी तिचे पाणी कल्याण आणि बदलापूरच्या घरांत शिरले. २७ जुलै २०१९ रोजी तिच्याच पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीदरम्यान अडकून पडली आणि प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. या दोन महापुरांच्या मधे २०१६चा उन्हाळा येऊन गेला. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. त्यामुळे याच नदीवर अवलंबून असलेल्या शहरांत आठवड्यातून दोन-तीन दिवस नळ कोरडे राहू लागले. वर्षाला सरासरी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ही वेळ का येते आणि ती टाळण्यासाठी सर्वसामान्य कुटुंबाला काय करता येईल, याचा विचार उन्हाळ्याच्या तोंडावर नव्हे, तर वर्षभर व्हायला हवा.

पाणी येते कोठून?

कल्याण-डोंबिवली महापालिका मोहिली येथे उल्हास नदीतून पाणी उचलते. या नदीला उन्हाळ्यात दोन मोठे आधार असतात. पहिला आंद्र धरणाचा. या धरणाचे पाणी भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून नदीत येते. दुसरा आधार महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणाचा. ठाणे शहराला भातसा नदीवरील स्वतःच्या योजनेखेरीज स्टेम प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी मिळते. म्हणजेच पुरवठा करणाऱ्या यंत्रणा अनेक असल्या तरी मूळ साठा चार महिन्यांच्या पावसाचाच आहे. तो पुढील वर्षीच्या १५ जुलैपर्यंत पुरवायचा, या हिशेबाने जलसंपदा विभाग नियोजन करतो. पाऊस लांबला की हा हिशेब चुकतो आणि कपात लागू होते.

कपातीची झळ मात्र सर्वांना सारखी बसत नाही. जलवाहिनीच्या टोकाला असलेल्या वस्त्या, दिव्यासारखा झपाट्याने वाढलेला परिसर आणि २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत समाविष्ट झालेली २७ गावे यांना टंचाई सर्वांत आधी जाणवते. घोडबंदर मार्गावरील अनेक गृहसंकुलांना टँकरचा खर्च सोसावा लागतो. वाहिनीच्या सुरुवातीला असलेल्या घरात वाया गेलेले पाणी टोकावरील घरापर्यंत पोहोचत नाही, हे लक्षात घेतले तर बचतीचा प्रश्न केवळ बिलाचा उरत नाही.

दहा लिटरचे मोल

शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे शासकीय प्रमाण मानले जाते. चौघांच्या कुटुंबाला या मापाने ५४० लिटर लागतात. २०११च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार होती. त्यानंतर ती बरीच वाढली आहे. तरीही जुनाच आकडा धरला आणि प्रत्येकाने रोज केवळ १० लिटर, म्हणजे अर्धी बादली पाणी वाचवले, तर दिवसाला तीन कोटी लिटर पाणी वाचते. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये मोजायचे झाले तर हे तीन हजार टँकर झाले.

महापालिकेच्या जुन्या वाहिन्यांतून गळती होत असताना नागरिकांनीच काटकसर का करावी, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे आणि तो पालिकेला विचारलाच पाहिजे. मात्र इमारतीच्या आतील गळतीला पालिका हात लावू शकत नाही. शिवाय घरात वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते आणि शेवटी नदी-खाडीकडे जाते. पाणी कमी वापरले की सांडपाणीही तेवढे घटते.

‘शिळे’ पाणी ओतू नका

बचतीची सुरुवात एका जुन्या सवयीपासून करता येईल. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणार असे समजताच घरोघरी पिंप, हंडे, कळशा, बादल्या भरल्या जातात. दुसऱ्या दिवशी नळ आला की आदल्या दिवशीचे पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते. शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीनची मात्रा देऊन आलेले पाणी स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात एका दिवसात खराब होत नाही. पिण्यासाठी नको वाटले तरी भांडी, कपडे, लादी आणि झाडे यांसाठी ते निश्चितच चालते. साठवण झाकलेली असावी आणि भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत, हे पथ्य मात्र पाळायलाच हवे. उघड्या पिंपात डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास होते.

शौचालयातील फ्लश हा घरातील एक मोठा, तरीही दुर्लक्षित खर्च आहे. जुन्या पद्धतीची टाकी एका वेळी १० लिटर पाणी सोडते. चौघांनी दिवसातून प्रत्येकी पाच वेळा ती वापरली तर २०० लिटर खर्ची पडतात. तीन आणि सहा लिटरची दोन बटणे असलेली टाकी योग्य रीतीने वापरल्यास हेच काम ७२ लिटरमध्ये होते. टाकी बदलणे शक्य नसेल तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली झाकण घट्ट लावून टाकीत उभी करावी. दर खेपेस एक लिटर वाचतो. वीट ठेवू नये, कारण तिची माती सुटून झडप बिघडते. टाकी गळते का, हे पाहण्यासाठी तिच्यात खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत आणि वीस मिनिटे फ्लश करू नये. रंग खालच्या भांड्यात उतरला तर झडप गळत आहे, असे समजावे.

स्नानासाठी एक बादली म्हणजे १८ ते २० लिटर पाणी पुरते. मिनिटाला १० लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटे काढल्यास ८० लिटर जातात. दात घासताना, दाढी करताना नळ बंद ठेवून तांब्या किंवा मग वापरला तर लिटरभरात काम भागते. बेसिनखालील अँगल कॉक थोडा बंद केला तर एक पैसाही खर्च न करता धार बारीक होते. नळाच्या तोंडाला जाळीचा एरेटर बसवल्यास हवा मिसळून धार भरीव वाटते आणि पाणी कमी लागते.

भांडी घासताना नळ सुरू ठेवू नये. ती दोन टबांत विसळून घ्यावीत. कपडे धुण्याचे यंत्र पूर्ण भरल्यावरच लावावे. त्याचे शेवटच्या विसळणीचे पाणी बादलीत धरले तर लादी पुसण्यास किंवा शौचालयात उपयोगी पडते.

आरओ यंत्राबाबतही पुनर्विचार करण्यासारखा आहे. एक लिटर पाणी शुद्ध करताना अनेक घरगुती यंत्रे सुमारे तीन लिटर पाणी बाहेर टाकतात. क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असलेल्या पाण्यासाठी आरओची गरज नाही, अशी भूमिका राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये घेतली होती. नदीवरून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्षार सहसा कमी असतात. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याची गोष्ट वेगळी असते. ते तपासून घ्यावे. यंत्र वापरायचेच असेल तर बाहेर पडणारे पाणी लादीसाठी साठवावे.

गॅलरीतील बाग

कुंडीतील झाडे बहुधा कमी पाण्याने नव्हे, तर जास्त पाण्याने दगावतात. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये. पाणी सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर, झारीने आणि मुळाशी घालावे. भर दुपारी घातलेल्या पाण्याचा बराचसा भाग वाफ होऊन जातो.

मातीवर दोन बोटे जाडीचा पालापाचोळा पसरला तर ओल टिकते. कुंडीच्या तळाशी नारळाची सोडणे घातल्यास ती पाणी शोषून घेतात आणि हळूहळू सोडतात. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी झाडांना चालते. मिठाचे किंवा साबणाचे पाणी कुंडीत घालू नये. मर्यादित मातीत क्षार साठून मुळे जळतात.

मे महिन्यात कुटुंब गावी जाते तेव्हा कुंड्यांचा प्रश्न येतो. मोठ्या कुंडीत बिनरोगणी मातीचे लहान मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि झाकून ठेवावे. पाणी झिरपत राहते. लहान कुंड्या सावलीत एकत्र मांडाव्यात आणि झाकलेल्या पाण्याच्या भांड्यातून सुती कापडाची वात प्रत्येक कुंडीत सोडावी.

सोसायटीच्या आवारात हिरवळीचा हट्ट महागात पडतो. हिरवळ उन्हाळ्यात रोज पाणी मागते. कण्हेर, बोगनवेल, सदाफुली, कोरफड, अडुळसा ही झाडे एकदा रुजली की कमी पाण्यावर तग धरतात. मोटारी पाइपने धुण्याऐवजी बादली आणि ओले फडके वापरण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत सहज होऊ शकतो.

गच्चीवरचे धरण

शंभर चौरस मीटर गच्चीवर वर्षाला सुमारे अडीच लाख लिटर पाणी पडते. त्यातील काही वाया गेले तरी दोन लाख लिटर हाती लागू शकते. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्यापुढील भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. जुन्या इमारतींनाही ते करता येते. गच्ची स्वच्छ करावी, पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे आणि नंतरचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत, बोअरवेलमध्ये किंवा टाकीत घ्यावे.

येथे जमिनीचा विचार महत्त्वाचा ठरतो. खाडीलगतच्या भागात पावसाळ्यात भूजल आधीच वर आलेले असते. तेथे शोषखड्ड्याचा फारसा उपयोग होत नाही. अशा इमारतींनी पाणी टाकीत साठवून फ्लश व साफसफाईसाठी वापरावे. ३०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटरची एक सर पडली तरी सुमारे २,४०० लिटर पाणी मिळते. टेकडीकडच्या भागात खाली काळा पाषाण असल्याने पाणी कोठे मुरेल, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

रात्रीची परीक्षा

या सर्व उपायांआधी प्रत्येक सोसायटीने एक चाचणी घ्यावी. रात्री पंप बंद झाल्यावर गच्चीवरील टाकीतील पातळी खुणेने नोंदवावी आणि पहाटे कोणी उठण्यापूर्वी पुन्हा पाहावी. सर्व झोपलेले असताना पातळी लक्षणीय उतरली असेल, तर इमारतीत कोठे तरी गळती आहे. गळका नळ तासाला अर्धा लिटर पाणी गमावत असेल तर वर्षाला ४,३८० लिटर वाया जातात. त्याचे वॉशर काही रुपयांत मिळते. टाकी भरून वाहणे थांबवण्यासाठी तरंगता गोळा किंवा स्वयंचलित पंप बसवण्याचा खर्चही एका उन्हाळ्याच्या टँकरच्या बिलापुढे किरकोळ आहे. पंपाला लागणारी वीज वाचते, ती वेगळीच.

धरणातील साठा वाढवणे नागरिकांच्या हाती नाही. टाकीवरची ती खूण मात्र आज रात्रीच करता येईल.