प्रत्येक घासासोबत एक गप्पा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे आणि शहरातील नोकऱ्यांमुळे नाशिकच्या अनेक घरांत आई-वडील दोघेही सकाळीच बाहेर पडतात. बाळाचा दिवस आजी-आजोबांच्या सोबतीने जातो. म्हणून आजचा लेख, ज्येष्ठ वाचकहो, खास आपल्यासाठी.

जन्मतः बाळाच्या मेंदूचे वजन साधारण ३५० ते ४०० ग्रॅम, म्हणजे प्रौढ मेंदूच्या सुमारे पाव असते. पहिल्या दोन वर्षांत ते प्रौढ मेंदूच्या सुमारे तीन चतुर्थांश होते. या घाईच्या काळात मेंदूला सकस आहार हवा आणि माणसांशी संवादही हवा.

पोट भरले, पण लोह मिळाले का?

सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे. घुटी, पाणी नको. मध तर पहिल्या वाढदिवसापर्यंत चाटवूच नये. त्यातील जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

बाळाने जन्मापूर्वी साठवलेले लोह साधारण सहाव्या महिन्यापर्यंत पुरते. त्यानंतर ते अन्नातूनच मिळावे लागते, कारण मेंदूतील चेतातंतूंचे आवरण आणि संदेशवहन यांसाठी लोह आवश्यक असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण.

“जेवत नाही, पण दूध पोटभर पितो,” असे आजी कौतुकाने सांगतात. दुधात लोह अत्यल्प असते आणि दुधाने भरलेल्या पोटाला भूक लागत नाही. वरणाच्या पाण्याचेही तसेच. सत्त्व असलेली डाळ भांड्याच्या तळाशीच राहते. म्हणून डाळ-भात घोटून, वर तूप घालून, चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट भरवावा. लोहाच्या शोषणासाठी त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळावेत.

आपल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची नागली हे उत्तम धान्य आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे साडेचार मिलिग्रॅम लोह आणि साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेल्या पिठाची खीर करावी. हिरव्या पालेभाज्या आणि चालत असल्यास उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. वर्षापर्यंत मीठ-साखर टाळावी. केवळ आहाराने लोहाची गरज भागेलच असे नाही. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध दिले जाते. त्याबद्दल आशाताई किंवा अंगणवाडीताईंना अवश्य विचारावे.

खेळही आहाराइतकाच

जमैकातील किंग्स्टन शहरात वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर एक अभ्यास झाला. काहींना पूरक आहार मिळाला, तर काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला जाऊन घरगुती खेळण्यांनी आईला बाळाशी खेळायला शिकवत. दोन्हींचा लाभ झाला. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांची प्रगती सर्वाधिक होती. वीस वर्षांनी पाहिले, तेव्हा खेळाचा लाभ मिळालेली मुले इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमावत होती.

खेळणी महाग हवीत असे नाही. वाटी-चमचा, झाकणे, पदराआडून केलेले ‘कुक’, बोटांचे खेळ, बडबडगीते पुरेशी आहेत. बाळाने काढलेल्या आवाजाला आवाजाने उत्तर द्यावे. या देवाणघेवाणीतूनच भाषा रुजते. मात्र गिळताना अडकेल अशी वस्तू हाती देऊ नये.

मोबाइल दाखवून भरवणे सोपे वाटते, पण त्याने घास आणि गप्पा दोन्हींचा घात होतो. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये. दूरच्या आई-वडिलांशी व्हिडिओवरून बोलणे मात्र चालते. भरवताना बाळ समोर बसवावे, “ही बघ भोपळ्याची भाजी” असे नाव घेऊन सांगावे, आणि त्याने तोंड फिरवले की थांबावे. बळजबरी नको.

केव्हा दाखवावे?

तीन महिन्यांपर्यंत बाळ ओळखून हसत नसेल, सहा महिन्यांपर्यंत आवाजाकडे वळत नसेल, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नसेल किंवा शिकलेली गोष्ट विसरत असेल, तर “होईल सावकाश” असे म्हणत वाट पाहू नये. डॉक्टरांना लगेच दाखवावे. लवकर सुरू केलेल्या उपचारांचा उपयोग अधिक होतो, आणि दिवसभर बाळाजवळ असल्यामुळे असा बदल प्रथम लक्षात येतो तो आपल्याच.