बालवाडींतील वाडी

माझी धाकटी नात साडेतीन वर्षांची आहे. गेल्या ज्येष्ठापासून ती आमच्या पेठेंतील एका बालवाडींत जाऊं लागली. त्या बालवाडीच्या मागील अंगणांत मातीचा एक पट्टा आहे. रुंदी जेमतेम दोन हात, लांबी आठ-नऊ हात. या पट्ट्यावर फरशी घालावी असा अर्ज कांहीं पालकांनीं चालकांकडे दिला असून त्याचा निर्णय येत्या पंधरवड्यांत व्हावयाचा आहे. अर्जावर आमच्या सूनबाईचीही सही आहे. "मामंजी, रोज फ्रॉक चिखलानें माखून येतो, नखांत माती असते, उद्यां दुखणें आलें तर?" असें ती म्हणाली. तिची काळजी खोटी नाहीं. तरीही माझें मत तिच्या उलट आहे, आणि तें जेवतांना पाटावर बसून वाद घालण्यापेक्षां येथें मांडणें बरें वाटलें.

वास्तविक बालवाडी या नांवांतच वाडी आहे. ज्यांचें मूळ घर कोंकणांत आहे, त्यांना वाडी म्हणजे काय हें सांगावयास नको. तिकडे जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग गांवीं लहान मुलांसाठीं एक संस्था काढली, आणि १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. फ्रोबेल तरुणपणीं एका वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी करून आलेला होता, आणि त्याच्या योजनेंतील बाग खरीखुरी मातीची होती. प्रत्येक मुलाला स्वतःचा एक चिमुकला वाफा, आणि त्या वाफ्यांच्या भोंवतीं सर्वांच्या मालकीचे मोठे वाफे, अशी ती रचना. 'माझें' कोठें संपतें व 'आपलें' कोठें सुरू होतें हें व्याख्यानानें शिकविणें मला पस्तीस वर्षांत साधलें नाहीं; पाण्याची झारी एकच आणि वाफे दहा असले म्हणजे तें आपोआप शिकावें लागतें. (प्रशियाच्या सरकारनें १८५१ सालीं या शाळांवर बंदी घातली. फ्रोबेल पुढल्याच वर्षीं वारला. बंदी १८६० सालीं उठली. मुलांच्या बागेचें सरकारास काय भय वाटावें!) रोममध्यें १९०७ सालीं पहिलें बालगृह काढणाऱ्या मॉंटेसोरीबाईंनींही रोपांची व प्राण्यांची जोपासना शिक्षणांत घेतली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें केंद्र उघडलें, तेव्हां पानें, बिया, शिंपले हींच त्यांचीं साधनें झालीं.

परंतु मला याहून जुना दाखला अधिक आवडतो. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत आश्रमकन्या झाडांना पाणी घालावयास येतात, तेव्हां प्रत्येकीच्या हातांतील घडा तिच्या तिच्या अंगमानाचा आहे, हें दुष्यंताच्या दृष्टींतून सुटत नाहीं. मुलाच्या हातास पेलेल एवढेंच साधन त्याला द्यावें, ही गोष्ट कालिदासानें अशी जातां जातां सांगून ठेविली आहे. आमच्या घरांत आम्ही चार वर्षांच्या मुलाला मोठी बादली उचलावयास लावतों, आणि ती सांडली म्हणजे त्याला धांदरट म्हणतों.

आतां मला स्वतःविषयीं कांहीं सांगावयाचें आहे. चाळीस वर्षांपूर्वीं मी पहिलीच्या वर्गास शिकवीत असतां एका मुलानें खिडकींत, पत्र्याच्या डब्यांत, वालाचा दाणा पेरला होता. रोज मधल्या सुट्टींत तो दाणा उकरून पाही व पुन्हां पुरून ठेवी. मी त्याला दोनदां बजावलें. तिसऱ्या वेळीं हातावर छडी मारली. मुलानें पुन्हां डब्यास हात लावला नाहीं. पुढें तो वाल उगवला. दोन पानेंही आलीं. मुलगा त्याच्याकडे पाहीना, पाणी घालीना. आणि मीही घातलें नाहीं, कारण माझ्या तें ध्यानांतच आलें नाहीं. एके सोमवारीं डबा रिकामा करतांना वाळलेली काडी हातीं आली.

माझ्या नातीनेंही परवां तेंच केलें. धणे पेरून आठ दिवस झाले तरी कांहीं दिसेना. कोथिंबिरीस आठ-दहा दिवस लागतातच, आणि धणा चुरडून त्याचे दोन भाग केले नसतील तर अधिकही. तिनें वाफा उकरला. तेथील बाई माझ्यापेक्षां शहाण्या निघाल्या. त्यांनीं कांचेच्या पेल्यांत ओला टिपकागद गुंडाळून बसविला आणि कांच व कागद यांच्यामध्यें वालाचे चार दाणे खोंचले. आधीं मूळ येतें, मागाहून कोंब येतो, हें मुलें रोज पाहूं लागलीं. मग बाईंनीं पेला आडवा ठेवला. एक-दोन दिवसांत मूळ पुन्हां खालच्या अंगास वळलें. "त्याला कोणी सांगितलें?" असें नातीनें मला विचारलें. संस्कृतांत मला याचें उत्तर येत नव्हतें.

सूनबाईच्या आक्षेपास उत्तर द्यावयास हवेंच. मुलांची नखें कापलेलीं असावीं, धनुर्वाताच्या लसी वेळेवर टोंचलेल्या असाव्या, काम होतांच साबणानें हात धुवावे. कच्चें शेणखत मुलांच्या हातीं देऊं नये. कुंड्यांखालील ताटल्यांत पाणी सांचूं देऊं नये, नाहीं तर डेंग्यूचे डांस आपणच पाळूं. कण्हेर, धोत्रा, एरंड व गुंज हीं विषारी झाडें त्या अंगणांत नकोत; कुंपणालगत कण्हेर आहे, ती काढावी असें मीं चालकांस लिहिलें आहे. एवढें केलें म्हणजे उरतो तो फ्रॉक. तो धुण्याचें काम मी पत्करलें आहे.

काल मेथी कापली. महिन्याभराची ती मेथी मुलांनीं वांटून घेतली, तेव्हां नातीच्या वांट्यास एक मूठ आली. आम्ही घरांत अकरा माणसें. सूनबाईनें ती चिरून सर्वांच्या वरणांत घातली. नात पंगतींतून फिरत प्रत्येकाच्या पानाशीं थांबे आणि विचारी, "मेथी लागली का?" थोरल्या वहिनींना दांत नाहींत व चवही फारशी कळत नाहीं, त्यांनीं दोनदां वरण मागून घेतलें. सूनबाईनें अर्जावरील सही अजून मागें घेतलेली नाहीं, पण आज सकाळीं तिनें धण्यांचा डबा खालच्या फळीवर ठेवलेला मीं पाहिला.