गाडीत ॲम्प्लिफायर बसवताय? आधी वायरची जाडी बघा

कोयनानगर : गाडीत मोठा आवाज हवा म्हणून ॲम्प्लिफायर बसवला, पण बॅटरीची वायर बारीक टाकली, तर आवाज फाटतो. वायर तापून गाडी पेटण्याचीही भीती असते.

कोयना प्रकल्पाची वीज २२० आणि ४०० किलोव्होल्टने बाहेर जाते. दाब मोठा, म्हणून करंट कमी. गाडीत उलटं असतं. दाब जेमतेम १२ व्होल्ट, त्यामुळे करंट भरमसाट.

समजा, ॲम्प्लिफायर ५०० वॅट आरएमएसचा आहे. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर पूर्ण आवाजात तो ६२५ वॅट, म्हणजे सुमारे ५० अँपिअर खेचतो. बॅटरी ते डिकी ५ मीटर तांब्याची वायर धरल्यास हिशेब असा :

- ४ चौरस मिमी : १.१ व्होल्टची घट, वायरमध्ये ५५ वॅट उष्णता
- १६ चौरस मिमी : ०.२७ व्होल्टची घट, १४ वॅट उष्णता

म्हणजे इथं १६ चौरस मिमीच हवी.

खरेदी करताना :

- खोक्यावरचा 'मॅक्स' आकडा सोडा, आरएमएस बघा.
- गेजचा आकडा लहान, तेवढी वायर जाड.
- तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते. पण ती जास्त जाडीची घ्यावी लागते.
- अर्थिंगची वायरही तेवढीच जाड हवी. रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट कसा.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, वरच्या उदाहरणात ६० अँपिअरचा. वायर पत्र्यातून नेताना रबरी बुश घाला. कुंभार्ली घाटातल्या हादऱ्यांनी वायर घासून पत्र्याला टेकली, तर गाडी वाचवणार तो हा फ्यूजच.