हेडफोनला स्वतंत्र अँप्लिफायर लागतो का? उत्तर केवळ ओमच्या आकड्यात नाही

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील गोल बाजार हा शहराच्या जुन्या भागातील गजबजलेला बाजार. अरुंद गल्ल्यांतून वाट काढणाऱ्या दुचाकींचे हॉर्न आणि विक्रेत्यांच्या हाका वरच्या मजल्यांवरील घरांतही ऐकू येतात. या परिसरात आणि जवळच्या तात्यापारा भागात मराठी कुटुंबांचे वास्तव्य जुने आहे. शहरातील महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३५ मधील. अशा घरात संध्याकाळी एखाद्या ख्यालाची विलंबित बढत किंवा नाट्यपद बारकाईने ऐकायचे, तर स्पीकरचा उपयोग मर्यादित राहतो. मग चांगल्या हेडफोनचा शोध सुरू होतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, त्याला वेगळा अँप्लिफायर घ्यावा लागेल का?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकाच आकड्यावरून दिले जाते. हेडफोनचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युत प्रवाहाला होणारा त्याचा विरोध, ८० किंवा २५० ओम असला की अँप्लिफायर हवाच, असे सांगितले जाते. हा आकडा निरुपयोगी नाही, पण अपुरा आहे. त्याच्या भरवशावर ग्राहक कधी नको असलेल्या यंत्रावर काही हजार रुपये खर्च करतो, तर कधी योग्य हेडफोन नाकारतो.

त्याआधी हेडफोनच्या प्रकाराविषयी. ओपन-बॅक हेडफोनच्या कपांची मागची बाजू जाळीदार असते. आवाज मोकळा वाटतो, मात्र आतले संगीत बाहेर जाते आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये ही बाजू पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बंद असते. पडद्याच्या मागे निर्माण होणाऱ्या ध्वनिलहरी कपातच अडकतात, भिंतींवर आपटून परततात आणि काही स्वर फुगवतात, काही दाबतात. त्यामुळे चांगला क्लोज्ड-बॅक हेडफोन तयार करणे अवघड मानले जाते. स्वस्त मॉडेलमध्ये डग्गा घुमतो आणि गायकाचा आवाज पेटीत कोंडल्यासारखा येतो, त्याचे मूळ बहुधा इथेच असते.

तरीही गोल बाजारासारख्या वस्तीत क्लोज्ड-बॅकच योग्य, आणि त्याचे कारण केवळ शेजाऱ्यांची झोप नाही. कारण कानांच्या आरोग्याचे आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार व्यापारी क्षेत्रात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, तर निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गर्दीच्या रस्त्यावर हॉर्न वाजताना ती किती पाळली जाते, हे वेगळे सांगायला नको. समजा, खोलीत ७० डेसिबल गोंगाट आहे. संगीतातील बारकावे कळण्यासाठी ते गोंगाटापेक्षा निदान दहा डेसिबल वर हवे असे धरले, तर ओपन-बॅक हेडफोनवर सरासरी पातळी ८० डेसिबलवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल आवाज प्रौढांनी आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलला ही मुदत अवघ्या ४ तासांवर येते. प्रत्येक ३ डेसिबल वाढीमागे सुरक्षित वेळ निम्मा होतो.

क्लोज्ड-बॅक हेडफोन गोंगाटच कमी करतो. बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीच्या डीटी ७७० प्रो या मॉडेलबाबत कंपनी सुमारे १८ डेसिबल घट सांगते. म्हणजे ७० डेसिबलचा गोंगाट कानापाशी ५२ वर येतो आणि ६५ डेसिबलवरही गाणे स्वच्छ ऐकू येते. आवाज वाढवण्याची गरजच कमी होते. मात्र ही घट सर्व स्वरांना सारखी नसते. हाका आणि हॉर्न यांसारखे वरच्या पट्टीचे आवाज चांगले अडतात. जनरेटरची किंवा बसच्या इंजिनाची घरघर बरीचशी आत येते. तोच मुख्य त्रास असेल, तर गोंगाटविरोधी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेला ब्लूटूथ हेडफोन अधिक उपयोगी. त्यात अँप्लिफायर आतच बसवलेला असल्याने बिनतारी जोडणीत पुढचा प्रश्न उद्भवत नाही.

आता अँप्लिफायर. हेडफोन किती मोठ्याने वाजेल, हे इम्पीडन्स आणि संवेदनशीलता या दोन आकड्यांवर मिळून ठरते. संवेदनशीलता म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर मिळणारी आवाजाची पातळी. कंपन्या ती दोन वेगळ्या मापांनी देतात, काही प्रति मिलिवॅट, तर काही प्रति व्होल्ट, आणि घोटाळा येथेच होतो. दोन खोक्यांवरचे डेसिबलचे आकडे शेजारी ठेवण्याआधी माप एकच आहे ना, हे पाहणे आवश्यक असते.

एक तुलना पुरेशी बोलकी आहे. सेनहायझर एचडी २५ हा ध्वनिमुद्रण व प्रसारण क्षेत्रात रुळलेला क्लोज्ड-बॅक हेडफोन ७० ओमचा आहे. डीटी ७७० प्रोची एक आवृत्ती ८० ओमची. ओमच्या हिशेबाने दोघे सख्खे भाऊ. परंतु एचडी २५ ची संवेदनशीलता १ व्होल्टला १२० डेसिबल, तर डीटी ७७० ची १ मिलिवॅटला ९६ डेसिबल दिलेली आहे. एखाद्या तुकड्यातील क्षणिक उच्चांकासाठी ११० डेसिबलपर्यंत वाव ठेवायचा असे मानले, तर एचडी २५ ला सुमारे ०.३२ व्होल्ट पुरतात आणि डीटी ७७० ला सुमारे १.४ व्होल्ट लागतात. विजेच्या भाषेत पहिल्याला दीड मिलिवॅटही लागत नाही, दुसऱ्याला २५ मिलिवॅट लागतात, म्हणजे सतरा पटींहून अधिक. ओम जवळपास सारखे असूनही गरजेत एवढा फरक पडतो.

हा हिशेब घरी करण्याजोगा आहे. डीटी ७७० च्या तिन्ही आवृत्त्या, ३२, ८० आणि २५० ओम, ९६ डेसिबल प्रति मिलिवॅट याच मापाच्या आहेत. ११० डेसिबल हवे म्हणजे १४ डेसिबल अधिक, म्हणजेच २५ पट वीज, अर्थात २५ मिलिवॅट. ही संख्या वॅटमध्ये मांडून, ०.०२५, ओमने गुणायची आणि वर्गमूळ काढायचे. उत्तर व्होल्टमध्ये येते. ३२ ओमला सुमारे ०.९, ८० ओमला १.४ आणि २५० ओमला २.५ व्होल्ट. मोबाइलच्या यूएसबी-सी खाचेत बसणारे छोटे डॅक साधारण १ व्होल्ट देत असेल, तर ३२ ओमची आवृत्ती त्यावर निर्धास्त चालते. २५० ओमची आवृत्ती १ व्होल्टवर १०२ डेसिबलच्या उच्चांकापर्यंत जाते. शास्त्रीय संगीताच्या मुद्रणात सरासरी पातळी उच्चांकाच्या वीस डेसिबल खाली असू शकते. तसे धरले तरी सरासरी ८२ डेसिबल होते. ही पातळी आरोग्य संघटनेच्या ४० तासांच्या मर्यादेला ओलांडणारीच आहे.

म्हणजे ज्या हेडफोनला अँप्लिफायरशिवाय हात लावू नये असे सांगितले जाते, तोही शांतपणे ऐकणाऱ्याच्या घरी बोटभर डॅकवर पुष्कळदा चालतो. अगदी हळू पातळीवर मुद्रित केलेली ध्वनिफीत किंवा पडदा आणि प्रत्यक्ष मैफल यांतला फरक पुसणारी उसळी हवी असेल, तरच अधिक व्होल्टची गरज भासते. तेव्हाही जाहिरातीतील मिलिवॅटवर भुलू नये. ३२ ओमवर १००० मिलिवॅट देणारा अँप्लिफायर म्हणजे साधारण ५.७ व्होल्ट, २५० ओमवर तोच जेमतेम १२८ मिलिवॅट देतो. पुरेसा आहे, पण खोक्यावरचा आकडा तो नव्हे. दुकानात विचारायचे ते इतकेच की, या ओमवर हा किती देतो?

अतिशक्तीही त्रास देते. संवेदनशील हेडफोन ताकदवान अँप्लिफायरला जोडला, तर शांत जागी बारीक फुसफुस ऐकू येते आणि आवाजाचे बटण जरा फिरवताच कान दणाणतात. बटणाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात काही अँप्लिफायरमध्ये डाव्या-उजव्या कानाचा तोलही बिघडलेला असतो. गेन कमी करण्याची सोय असेल, तर ती वापरावी.

जुळणीतला दुसरा भाग कमी बोलला जातो, पण स्वरावर परिणाम करणारा तोच आहे. अँप्लिफायरलाही स्वतःचा अंतर्गत इम्पीडन्स असतो. हेडफोनचा इम्पीडन्स सर्व स्वरांना एकसारखा राहत नाही. अनेक मॉडेलमध्ये तो खर्जाच्या भागात वाढतो. समजा, ३२ ओमचा हेडफोन खर्जात ६४ ओमवर जातो. अँप्लिफायरचा अंतर्गत इम्पीडन्सही ३२ ओम असेल, तर खर्ज बाकी स्वरांच्या तुलनेत अडीच डेसिबलने फुगतो. तो २ ओम असेल, तर फरक पाव डेसिबल राहतो, जो कानाला कळत नाही. म्हणून अँप्लिफायरचा आकडा हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. जुन्या स्टीरिओ रिसीव्हरच्या हेडफोन खाचेत हा आकडा शंभर ओमच्या पुढे असू शकतो. माळ्यावरून उतरवलेल्या वडिलोपार्जित यंत्रावर नवा ३२ ओमचा हेडफोन घुमू लागला, तर दोष हेडफोनला देऊ नये. तेथे २५० ओमचा अधिक शोभतो.

एवढा हिशेब करूनही एक गोष्ट त्याच्या हाती नसते, ती म्हणजे कानावर कप नीट बसणे. क्लोज्ड-बॅक हेडफोनचा खर्ज गादी आणि त्वचा यांच्यातील फट किती बुजते यावर अवलंबून असतो. चष्म्याची जाड काडी किंवा केसांची बट मध्ये आली, तरी डग्ग्याची मींड पातळ होते आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. त्यामुळे खरेदीआधी आपला नेहमीचा चष्मा लावून, ओळखीचे गाणे निदान वीस मिनिटे ऐकावे. तानपुऱ्याची जवारी, डग्गा आणि गायकाचा मधला पट्टा या तिन्हींतून बरेच कळते. छत्तीसगडच्या श्रोत्यांसाठी तीजनबाईंची पंडवानीही उत्तम कसोटी आहे. तंबुरा, करताल आणि शब्दांचे धारदार उच्चार एकत्र असताना कर्कश हेडफोन लगेच उघडा पडतो.

गादीचे कापडही हवामान पाहून निवडावे. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. कृत्रिम चामड्याची गादी घाम धरते आणि कोकणासारख्या दमट हवेत लवकर सोलवटते. मखमली गादी हवेशीर असते, पण गोंगाट किंचित कमी अडवते. गादी बदलता येते का आणि सुटी मिळते का, हे आधी विचारलेले बरे. चपटी झालेली गादी फट सोडते, ऐकणारा आवाज वाढवतो आणि नव्या अँप्लिफायरच्या शोधात निघतो. प्रत्यक्षात त्याला हवी असते ती नव्या गाद्यांची जोडी.