दुबईतील घरखरेदी : योग्य वेळ कशी ठरवावी?

‘घर पाहावे बांधून’ या म्हणीत घरासाठी कराव्या लागणाऱ्या खटाटोपाचा अनुभव साठलेला आहे. हे घर परदेशात, परक्या कायद्याखाली आणि परक्या चलनात घ्यावयाचे असेल, तर या खटाटोपात आणखी एका प्रश्नाची भर पडते : ते केव्हा घ्यावे? नोकरी-व्यवसायानिमित्त दुबईत राहणाऱ्या भारतीय कुटुंबांना, ज्यात मराठी कुटुंबेही आली, हा प्रश्न दर वर्षी भाडेकराराच्या नूतनीकरणाच्या वेळी नव्याने भेडसावतो. घरमालकाच्या नावे धनादेश लिहिताना ‘हीच रक्कम कर्जफेडीत गेली असती तर?’ असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर बहुधा बाजाराच्या भाकितांत शोधले जाते. ते अधिक खात्रीने सापडते ग्राहकाच्या तेथील मुक्कामाच्या कालावधीत.

बाजाराचा पूर्वानुभव

दुबईत परदेशी नागरिकांसाठी पूर्ण मालकीच्या घरांची वाट २००२ मध्ये खुली झाली आणि २००६ च्या मालमत्ता नोंदणी कायद्याने तिला विधिवत आधार मिळाला. ही मालकी शासनाने निर्धारित केलेल्या विभागांपुरतीच मर्यादित आहे. त्यानंतर किमती झपाट्याने चढल्या. २००८ च्या उत्तरार्धात जागतिक आर्थिक संकट कोसळले आणि वर्षभरातच अनेक भागांतील किमती जवळपास निम्म्यावर आल्या. पुढे बाजार सावरला, २०१४ च्या सुमारास शिखरावर पोहोचला, २०२० पर्यंत हळूहळू उतरत गेला आणि २०२१ पासून पुन्हा वेगाने वर चढला.

या चढउतारांतून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दुबईतील बहुसंख्य परदेशी नोकरदारांचा निवास-परवाना नोकरीशी निगडित असतो. नोकरी गेल्यास ठरावीक मुदतीत दुसरी सोय करावी लागते, अन्यथा देश सोडावा लागतो. मंदीच्या काळात नोकऱ्या जाणे आणि घरांच्या किमती उतरणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. म्हणजेच घर विकण्याची निकड नेमकी तेव्हाच निर्माण होते, जेव्हा गिऱ्हाईक मिळणे दुरापास्त असते. २०२२ पासून वीस लाख दिरहम वा अधिक मूल्याच्या मालमत्तेच्या आधारे दहा वर्षांचा निवास-परवाना मिळविण्याची सोय झाली. तथापि असा परवाना राहण्याचा हक्क देतो. दरमहाचे वेतन देत नाही.

मुक्कामाचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घराची किंमत १० लाख दिरहम आहे आणि तशाच घराचे वार्षिक भाडे ७० हजार दिरहम. परदेशी नागरिकास पहिल्या घरासाठी, घराची किंमत ५० लाख दिरहमपेक्षा कमी असल्यास, २०२० मधील सुधारणेनुसार कमाल ८० टक्के कर्ज मिळू शकते. उरलेले २ लाख स्वतःचे घालावे लागतील. शिवाय भूमी विभागाचे हस्तांतरण शुल्क ४ टक्के आणि मध्यस्थाची प्रचलित दलाली २ टक्के, असे ६० हजार दिरहम आरंभीच खर्ची पडतील. ही रक्कम परत मिळणारी नाही.

कर्जाचा दर साडेचार टक्के धरल्यास पहिल्या वर्षाचे व्याज ३६ हजार होते. इमारतीचा देखभाल आकार १५ हजार धरू. स्वतःचे २ लाख ६० हजार ठेवीत राहिले असते, तर ४ टक्क्यांनी १०,४०० दिरहम मिळाले असते; तेही खर्चातच धरावयास हवेत. एकूण वार्षिक खर्च ६१,४०० झाला. मुद्दलाची परतफेड ही एक प्रकारची बचतच असल्याने ती यात धरलेली नाही. भाड्याच्या तुलनेत वर्षाला वाचले ८,६०० दिरहम. आरंभीचे ६० हजार या बचतीतून भरून निघण्यास सुमारे सात वर्षे लागतील.

घराची किंमत स्थिर राहिली आणि तीन वर्षांनी घर विकावे लागले, तर सुमारे ३४ हजारांचा तोटा होईल. किंमत दहा टक्क्यांनी उतरलेली असेल, तर हाच तोटा १ लाख ३४ हजारांवर जाईल. म्हणजे स्वतः घातलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक. भाडे वा किंमत वाढल्यास चित्र पालटेल, हे खरे. परंतु अल्प मुक्कामात खरेदीदाराचे सारे यश किमतीच्या वाढीवर अवलंबून राहते, तर दीर्घ मुक्कामात वाचलेले भाडेही त्याच्या बाजूने उभे राहते.

व्याजदर आणि रुपया

दिरहम १९९७ पासून एका अमेरिकी डॉलरला ३.६७२५ या दराने डॉलरशी जखडलेला आहे. त्यामुळे अमेरिकेत व्याजदर वाढले की तेथील गृहकर्जेही महागतात; २०२२ व २०२३ मध्ये याचा प्रत्यय आला. अनेक कर्जांचा दर पहिली काही वर्षे स्थिर राहून नंतर बदलता होतो. तो वाढल्यासही हप्ता झेपेल काय, हे आधीच पडताळून पाहावे.

रुपयाचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. २००८ च्या आरंभी एक दिरहम पावणेअकरा रुपयांच्या आसपास होता. २०२३ अखेरीस तो साडेबावीस रुपयांच्या पुढे गेला होता. जोवर पगार दिरहममध्ये आहे, तोवर याची झळ हप्त्याला लागत नाही. कर्ज शिल्लक असताना मायदेशी परतून रुपयांत कमावणाऱ्यास मात्र तोच हप्ता दिवसेंदिवस जड होत जातो. म्हणून परतीचा बेत निश्चित असेल, तर कर्जाची मुदत त्यापूर्वी संपेल अशी आखणी हितावह ठरते.

भारतातून रक्कम पाठविताना

भारतातील निवासी व्यक्तीस रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेअंतर्गत परदेशी घरासाठी रक्कम पाठविता येते. २०१५ पासून तिची मर्यादा एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलर आहे. अशा प्रेषणासाठी भारतीय बँका कर्ज देऊ शकत नाहीत. ऑगस्ट २०१३ मध्ये ही मर्यादा घटविण्यात येऊन मालमत्ता खरेदीवर निर्बंध आला होता, जो २०१४ मध्ये उठला. अनेक वर्षांच्या हप्त्यांचे करार करताना हा अनुभव विसरू नये. बांधकाम चालू असलेल्या घरासाठी २००७ च्या कायद्यानुसार रक्कम प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच भरावी. निवासी करदात्याने या मालमत्तेची माहिती भारतातील विवरणपत्रात देणे आवश्यक आहे.

थोडक्यात

आरंभीचा खर्च भरून निघेपर्यंत मुक्काम टिकेल का? नोकरी गेल्यास किमान वर्षभराचे हप्ते फेडण्याइतकी गंगाजळी हाती आहे का? घर विकावे लागले नाही, तर ते भाड्याने देऊन हप्ता निघेल का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर बाजार शिखरावर आहे की पायथ्याशी, याची चिंता बरीचशी हलकी होते. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर भाड्याचा धनादेश आणखी एक वर्ष लिहिण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. तो पैसा वाया गेलेला नसतो. त्यातून वेळ आल्यास मोकळेपणाने परतण्याची मुभा विकत घेतलेली असते.